गणितज्ञांच्या संस्था म्हणजे शाल-श्रीफळ मंडळं?

खणभागकर (सांगली): परवा एकानं इथं लिहिलं की गणितज्ञांच्या संस्था म्हणजे रिटायर्ड प्राध्यापकांची शाल-श्रीफळ मंडळं, यूट्यूब असताना वर्गणी कशाला भरायची. डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. 1907 साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी काढणारे व्ही. रामस्वामी अय्यर प्राध्यापक नव्हते, मद्रास इलाख्यात डेप्युटी कलेक्टर होते. परदेशी जर्नलं एकट्याला परवडायची नाहीत, म्हणून वर्गणीतनं मागवायची आणि पोस्टानं एकमेकांकडं फिरवायची, हा मूळ उद्योग. ग्रंथालय तेव्हा आपल्या पुण्यात, फर्ग्युसनमधे होतं. पुढं रामानुजन रामस्वामींकडं कारकुनीची नोकरी मागायला गेला, तर वह्या बघून त्यांनी नोकरी दिलीच नाही, मद्रासच्या गणितवाल्यांना चिठ्ठ्या दिल्या. 1911 चा त्याचा पहिला पेपर, बर्नूली संख्यांवरचा, सोसायटीच्याच जर्नलात आला. केंब्रिजच्या गणितज्ञ हार्डीला पत्र गेलं ते 1913 ला. आधी कुणी छापलं मग?

माहुलीकर_सातारा: रामानुजनच्या नावावर अजून किती वर्षं खाणार? आजचं बोला. मी हायस्कूलला गणित शिकवतो. एका कॉलेजच्या परिषदेला रजा टाकून गेलो, फी भरली, तर पेपर वाचायला पाच मिनिटं, त्यात अध्यक्ष मोबाइलवर. दुपारनंतर हॉल रिकामा, सगळे सर्टिफिकेटच्या लायनीत. प्रमोशनला पॉइंट लागतात म्हणून भरवलेली जत्रा ती.

खणभागकर (सांगली): ती कॉलेजनं भरवलेली परिषद, त्याचा राग सोसायटीवर कशाला काढताय? 1907 पासून चाललेली संस्था आणि पॉइंटांसाठीचं एक दिवसाचं सेमिनार एकाच मापानं मोजू नका.

माहुलीकर_सातारा: एकच माप आहे, शाळामास्तराला कोण विचारतं. कापरेकरांचं काय केलंत? देवळालीच्या शाळेतला मास्तर, 6174 ची गंमत सापडवली (सगळे अंक सारखे नसलेली चार आकडी संख्या घ्या, तिचे अंक उतरते लावून त्यातनं चढते लावलेले वजा करत राहा, शेवटी 6174 च येतं), 1949 ला मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं, आणि इथल्या विद्वानांनी करमणूक म्हणून सोडून दिलं. 1975 ला अमेरिकेत गणिती कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरनं लिहिलं तेव्हा कुठं नाव झालं.

विश्रामबाग_मॅडम: कापरेकरांवर आलात ते बरं झालं. पण मांडलं कुठं, तुम्हीच लिहिलंय की. परिषदेत! व्यासपीठ होतं म्हणून मांडता आलं ना.

माहुलीकर_सातारा: व्यासपीठावर उभं करणं वेगळं आणि मान देणं वेगळं, मॅडम. पदव्युत्तर पदवी नाही म्हणून माणूस हलका धरायचा ही आपल्याकडची जुनी खोड.

वाईकर: सहमत. आमच्या आजोबांनी जादूच्या चौरसांवर वहीच्या वह्या भरल्या, एका प्राध्यापकाला दाखवायला गेले तर त्यानं दारातनंच परत पाठवलं. आजोबा पुन्हा कुणाकडं गेले नाहीत.

विश्रामबाग_मॅडम: वाईट झालं, खरंच. पण त्या प्राध्यापकापायी सगळी संस्था मोडीत काढायची? सोसायटीच्या जर्नलातला प्रश्नांचा विभाग बघा, तिथं पदवी कुणी विचारत नव्हतं. रामानुजनचा 1911 चा प्रश्न, √(1+2√(1+3√(1+…))) ची किंमत काढा. अंकामागून अंक गेले, कुणाला सुटेना, शेवटी त्यानंच उत्तर दिलं: 3. वाट आठवीच्या पोराला कळेल अशी आहे. 3 म्हणजे √9, 9 म्हणजे 1+2×4. तो 4 म्हणजे √16, 16 म्हणजे 1+3×5. मग 5 म्हणजे √(1+4×6), असं उलगडतच जायचं. कॉलेजची एफए परीक्षाही नापास झालेल्या पोराचा प्रश्न सोसायटीनं छापला, माहुलीकर सर.

माहुलीकर_सातारा: हे उद्या वर्गात फळ्यावर घेतो. तेवढं मान्य. पण ते तेव्हाचं झालं. आज गणितज्ञांच्या कुठल्या संस्थेचं माणूस साताऱ्याच्या हायस्कूलवर आलंय? पोरांच्या गणित प्रज्ञा परीक्षा घेतंय ते शाळेतल्या गणित अध्यापकांचं मंडळ, प्राध्यापक नव्हेत.

खणभागकर (सांगली): मंडळ पण संस्थाच आहे की हो! वर्गणीवरच चालतंय. म्हणजे तुमचं भांडण संस्थेशी नाही, प्राध्यापकांशी आहे, ते आधीच सांगायचं.

माहुलीकर_सातारा: प्राध्यापकांशीच आहे. सांगलीत एवढी कॉलेजं, महिन्यातनं एक शनिवार तालुक्याच्या शाळेत या, पेपर वाचू नका, पोरांचे प्रश्न घ्या. मग वर्गणी मीच गोळा करून देतो.

विश्रामबाग_मॅडम: पुढच्या शनिवारी मी मोकळी आहे. शाळेचा पत्ता मेसेज करा, सकाळच्या एसटीनं येते.