मदत हवी आहे: घरामागे दोन घोड्यांसाठी पागा बांधतो आहोत, जमीन कशाची करावी आणि हवा खेळती कशी ठेवावी?

नमस्कार.

घरामागच्या मोकळ्या जागेत आम्ही दोन जनावरांसाठी पागा बांधायला घेतली आहे. जोत्याच्या भिंती उठल्या आहेत, खांबांचे खड्डे खणून झाले आहेत आणि इथे येऊन मी काम थांबवले आहे; कारण जोत्यात काय भरायचे आणि छप्पर किती उंचीवर घ्यायचे, हे दोन निर्णय चुकले तर ते पुढे दुरुस्त करणे फार अवघड जाईल. ज्यांनी स्वतः पागा बांधली आहे किंवा अनेक वर्षे घोडे सांभाळले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

जनावरांपैकी एक चौदा वर्षांची घोडी आहे, तिचे वजन सुमारे 450 किलो आहे, आणि दुसरे तिच्या सोबतीचे तट्टू आहे. सध्या दोघेही जुन्या सामानाच्या कोठारात राहतात. घोडीचा कप्पा जेमतेम नऊ फूट लांब आणि तितकाच रुंद आहे. गेल्या महिन्यात एका पहाटे भिंतीवर काहीतरी आदळल्याचे आवाज आले म्हणून आम्ही धावत गेलो, तर घोडी लोळता लोळता भिंतीला इतकी चिकटली होती की तिचे चारही पाय भिंतीकडे दुमडले गेले होते आणि उठण्यासाठी पाय टेकवायला जागाच उरली नव्हती. पायांच्या टप्प्यात न जाता, तिच्या पाठीच्या बाजूला उभे राहून, लांब दोराच्या साहाय्याने आम्ही तिला उलट बाजूला वळवले, तेव्हा ती उठली. तिला फारसे लागले नाही. पण भिंतीच्या गिलाव्यावर नालांच्या अर्धगोल खुणा अजून तशाच आहेत, आणि रोज सकाळी त्या दिसल्या की नवी पागा लवकर व्हावी असे वाटते.

दुसरी अडचण हवेची आहे. कोठाराला एकच दार आहे आणि छप्पर बुटके आहे. सकाळी दार उघडले की मूत्राचा उग्र दर्प डोळ्यांना झोंबतो. एकदा मी मुद्दाम खाली बसून, घोडी पसरून झोपते तेव्हा तिचे नाक जिथे असते तिथे चेहरा नेऊन पाहिला, तर तिथे मला श्वाससुद्धा नीट घेता येईना. घोडा केवळ नाकाने श्वास घेतो, माणसाप्रमाणे तोंडाने घेऊ शकत नाही, हे माहीत असूनही आपण तिला अशा हवेत रात्रभर कोंडत होतो, याचे मला फार वाईट वाटले.

नव्या पागेचा आराखडा असा आहे. शेजारी शेजारी दोन ठाणे, प्रत्येक 12 फूट लांब आणि 12 फूट रुंद. तट्टूला 10 फुटांचे ठाण पुरले असते, परंतु पुढे तिथे मोठा घोडा ठेवण्याची वेळ आली तर अडचण नको म्हणून दोन्ही सारखी घेतली आहेत. ठाणांसमोर 12 फूट रुंद छपरी असेल, जिथे खरारा करता येईल आणि नाल ठोकणाऱ्याला मोकळेपणाने काम करता येईल. दारे 4 फूट रुंद आणि 8 फूट उंच असून ती ठाणाच्या आत उघडतील. दोन ठाणांमधली भिंत खालपासून वरपर्यंत विटांची आहे. घोडी ज्या बाजूंना लाथ मारू शकते तिथे साडेचार फूट उंचीपर्यंत दोन इंच जाडीच्या फळ्या बसवणार आहोत.

आता माझ्या शंका.

जमिनीबाबत गवंड्याचे म्हणणे असे आहे की सगळीकडे सिमेंटचा कोबा करावा, म्हणजे पाणी मारून धुता येईल आणि वर्षानुवर्षे पाहावे लागणार नाही. मला धुण्याची सोय पटते; पण चौदा वर्षांच्या घोडीला रोज दहा-बारा तास कोब्यावर उभे करणे मनाला पटत नाही, शिवाय ओला कोबा निसरडा होतो. दुसरा पर्याय ठोकून बसवलेल्या मुरमाचा आहे. तो सांध्यांना बरा असे सांगतात. मात्र आमची घोडी दाण्याच्या वेळी पुढचा पाय सतत आपटते आणि कोठारातल्या मातीत तिने दारापाशी घमेल्याएवढा खड्डा पाडला आहे. रबरी चटया घातल्या तर मुरूम टिकेल का? त्यांच्याखाली मूत्र साचून तोच दर्प पुन्हा सुरू होईल का?

छपराबाबत गवंडी 8 फुटांवर थांबा म्हणतो, आणि थंडीत जनावरांना ऊब मिळावी म्हणून वळचणीखालच्या सगळ्या फटी बुजवाव्यात असेही त्याचे मत आहे. मी वळचण 10 फुटांवर आणि आढे 14 फुटांवर धरले होते. उंच आणि उघड्या पागेत घोड्यांना सर्दी होईल, ही भीती खरी आहे का?

तिसरी शंका गवताची. जागा वाचवण्यासाठी ठाणांच्या वर माळा करून तिथे गवत साठवावे, असा एक विचार आहे. वरून थेट गव्हाणीत गवत टाकता येईल, ही सोय दिसते. यात काही धोका आहे का?

आराखड्यात आणखी काही खटकत असेल तर तेही मोकळेपणाने सांगावे. फेरबदल करण्याची माझी पूर्ण तयारी आहे.

प्रतिसाद १

आपण काम थांबवून विचारलेत हे फार चांगले केले. मी बावीस वर्षे घोडे सांभाळतो आहे आणि दोन पागा बांधल्या आहेत. पहिलीत जवळजवळ त्याच चुका केल्या होत्या ज्या आपला गवंडी आपल्याकडून करवून घेऊ पाहत आहे.

सर्वप्रथम हवेविषयी लिहितो, कारण माझ्या मते पागेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. निरोगी, पोटभर गवत मिळणारा आणि अंगावर केस वाढलेला घोडा कोरडी थंडी आपल्या कल्पनेपेक्षा कितीतरी चांगली सोसतो. त्याला बाधते ती ओल, आणि अंगाच्या उंचीवर थेट लागणारा वाऱ्याचा झोत. आपण फटी बुजवतो तेव्हा ऊब आत राहते हे खरे, पण तिच्याबरोबर श्वासातली वाफ, मूत्रातून निघणारा अमोनिया आणि गवताची धूळही आतच राहते. अशा पागेत पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला थेंब जमून ते खाली टपकताना दिसतात. तसे दिसले की हवा कोंडली आहे, हे निश्चित समजावे. जनावरांच्या अंगाची गरम हवा वर जाते, म्हणून तिला बाहेर पडायला आढ्याशी वाट हवी आणि ताजी हवा आत यायला वळचणीखाली दोन्ही लांब बाजूंना अखंड फट हवी. वळचणीपाशी दर घोड्यामागे निदान एक चौरस फूट जागा बाराही महिने उघडी असावी. माझ्याकडे त्याहून बरीच जास्त आहे आणि ती मी कधीही बंद करत नाही. उंचीवरून आलेला वारा घोड्याच्या पाठीपर्यंत पोहोचेतो मंदावलेला असतो, त्यामुळे त्याचा झोत लागत नाही. आपले 10 आणि 14 फूट योग्य आहेत, त्यात तडजोड करू नका. 8 फुटांवर पत्रा असेल आणि घोडी दचकून मागच्या पायांवर उभी राहिली, तर तिचे डोके थेट पत्र्यावर आपटेल. शक्य असेल तर पागेची लांब बाजू नेहमीच्या वाऱ्याला आडवी ठेवावी. छप्पर भिंतीच्या बाहेर दोन फूट आले की तिरका पाऊसही फारसा आत येत नाही.

जमिनीबाबत माझा कल स्पष्टपणे मुरमाकडे आहे, परंतु नुसत्या मुरमाकडे नाही. खाली जाड खडीचा थर, त्यावर मुरूम किंवा दगडाची भुकटी थोडी ओली करून दोन-तीन थरांत ठोकून घ्यावी, आणि त्यावर पाऊण इंच जाडीच्या रबरी चटया भिंतीपासून भिंतीपर्यंत घट्ट बसवाव्यात. चटयांमध्ये फट राहिली तर मूत्र खाली जाईल आणि कडा उचकटतील. म्हणून त्या कापण्याच्या कामात घाई करू नये. वर चार ते सहा इंच अंथरूण ठेवले की बहुतेक मूत्र त्यातच शोषले जाते, आणि ओला भाग रोज काढला तर दर्प राहत नाही. धुण्यापेक्षा हे रोजचे काढणेच अधिक महत्त्वाचे आहे. ठाणातली जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा आठ ते बारा इंच उंच असावी आणि दाराकडे अगदी थोडा, शंभर फुटांना एक-दोन फूट या प्रमाणात उतार असावा. कोबा छपरीत जरूर करा, मात्र तो ओला असतानाच खराट्याने ओरखडे पाडून खरखरीत करून घ्या.

गवताचा माळा ठाणांवर करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माळ्यावरून धूळ सतत जनावरांच्या नाकात जाते आणि आग लागली तर ती डोक्यावरच लागते. नीट न वाळलेले, 20 टक्क्यांहून अधिक ओलावा असलेले गवत रचून ठेवले की ते आतून आपोआप तापू लागते. नव्या गंजीत पहिले काही आठवडे अधूनमधून लांब लोखंडी सळई खुपसून, थोड्या वेळाने बाहेर काढून हाताला किती चटका बसतो ते मी पाहतो. आत सुमारे 65 अंश सेल्सियसच्या पुढे उष्णता गेली की धोका सुरू होतो. गवताची खोली वेगळी आणि पागेपासून अंतर राखून बांधा. गव्हाणसुद्धा उंचावर नको. घोडा मान खाली घालून खाणारा प्राणी आहे. तसे खाताना त्याच्या श्वासनलिकेतला कफ आपोआप बाहेर पडतो, आणि उंच जाळीतून खाताना कचरा डोळ्यांत व नाकात जातो.

आराखड्यातल्या दोन गोष्टी मला खटकल्या. दार आत उघडणारे ठेवू नका. घोडी परत कधी दारालगत अडकली तर तिच्या अंगामुळे दार उघडणारच नाही. ते बाहेर उघडणारे किंवा रुळावर सरकणारे करावे, आणि जमल्यास प्रत्येक ठाणाला मागच्या बाजूने थेट मोकळ्या आवारात जाणारे दुसरे दारही ठेवावे. मधली भिंत आढ्यापर्यंत विटांची केलीत तर सोबतीला आणलेले तट्टू घोडीला दिसणारच नाही. साडेचार-पाच फुटांपर्यंत भरीव भिंत आणि वर उभ्या सळया पुरेशा आहेत. दोन सळयांमधले अंतर तीन इंचांहून कमी ठेवा. तट्टूची टाप लहान असते, त्यामुळे त्याच्या बाजूने याची विशेष काळजी घ्या.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. अंथरुणाविषयी एक सावधगिरीची सूचना जोडते. लाकडाचा भुसा किंवा रंध्याची साल आणताना ती कोणत्या लाकडाची आहे हे विचारल्याशिवाय घेऊ नये. काळ्या अक्रोडाच्या लाकडाचा ताजा भुसा थोड्या प्रमाणात मिसळलेला असला तरी त्यावर उभ्या राहिलेल्या घोड्याच्या टापांच्या आत काही तासांतच तीव्र दाह सुरू होऊ शकतो आणि घोडा पाय टाकेनासा होतो. त्याचप्रमाणे फळ्यांना जुना, शिसे असलेला रंग देऊ नका, कारण कंटाळलेला घोडा लाकूड कुरतडतोच. विजेच्या तारा नळीतून न्या, बटणे ठाणाच्या बाहेर ठेवा आणि दिव्याला जाळी लावा. दाण्याचे पिंप ठाणांपासून दूर, कडी लावून बंद करता येईल अशा खोलीत असावे. रात्री सुटलेल्या घोड्याने पोट फुटेस्तोवर दाणा खाल्ला तर पोटशूळ होतो, आणि घोड्याला ओकता येत नसल्यामुळे ते प्रसंगी जिवावर बेतते.

लिदेच्या जागेचा उल्लेख आपल्या लेखनात दिसला नाही. आपल्या घोडीएवढे जनावर लीद आणि मूत्र मिळून दिवसाला वीस किलोंच्या आसपास घाण करते, म्हणजे वर्षाला सात टनांहून अधिक, आणि त्यात अंथरूण वेगळे. उकिरड्याची जागा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या बाजूला, पण हातगाडी रोज सहज जाईल अशी आजच ठरवा. उबदार हवेत माशीची अंड्यापासून माशी व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, त्यामुळे पागेजवळचा ढीग त्याहून अधिक काळ तसाच राहू देऊ नये.

धागाकर्तीकडून

आपण दोघांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल संध्याकाळी जोत्याशेजारच्या मातीवर चुन्याच्या फक्कीने आधी नऊ फुटांचा आणि मग बारा फुटांचा चौकोन आखला आणि घोडीला दोन्हींमध्ये फिरवून पाहिले. लहान चौकोनात वळताना तिचा मागचा पाय प्रत्येक वेळी रेघेबाहेर पडत होता. मोठ्या चौकोनात ती अडखळल्याशिवाय वळली, थांबली आणि मान खाली घालून फक्की हुंगू लागली. गवंडीही ते पाहत होता. त्यानंतर कोब्याचा आग्रह त्याने सोडला.

दारांच्या चौकटी उतरवून ठेवल्या आहेत आणि मधल्या भिंतीचे काम पाचव्या फुटावर थांबवायला सांगितले आहे. गवताची खोली आवाराच्या दुसऱ्या टोकाला हलवली आहे. उकिरड्याचा विचार मी खरोखरच केला नव्हता. विहीर जमिनीच्या वरच्या बाजूला असल्यामुळे खालच्या कुंपणालगतची जागा त्यासाठी धरते आहे.

एक शंका मात्र उरली आहे. आढ्याशी हवेसाठी फट ठेवायची तर तिच्यावर पत्र्याची टोपी किती इंच उचलून बसवावी, म्हणजे वादळी पावसात पाणी थेट ठाणांवर येणार नाही आणि हवाही अडणार नाही? आपल्या पागेच्या आढ्याचे छायाचित्र किंवा हाताने काढलेली आकृती मिळाली तर ती मी पत्रा बसवणाऱ्याला दाखवू शकेन. तो परवा माप घ्यायला येणार आहे.