मदत हवी आहे : दोघांसाठी दोन रात्री, रत्नागिरी की मालवण?

निशिगंध :
आज रात्रीपर्यंत ठरवायचंच आहे, तिकिटं काढायची आहेत. आम्हा दोघांना दोन रात्री कुठेतरी निवांत घालवायच्या आहेत. रत्नागिरी किंवा मालवण, यांतलं एकच. धावपळ नको. उशिरा उठावं, चांगलं जेवावं, दुपारी ताणून द्यावी, संध्याकाळी जरा फिरून यावं, एवढंच. नेटवर बघितलं तर दोन्हींबद्दल तेच, 'स्वच्छ किनारे आणि निसर्गसौंदर्य'. त्यावरून काय ठरवणार? जाऊन आलेल्यांनी आणि तिथे राहणाऱ्यांनी सांगा. तिसरं नाव कृपया नको.

दर्यावर्दी :
मालवण! विचारायचं काय त्यात? तारकर्लीला स्कूबा करा, देवबागला बोट घेऊन कर्ली नदीच्या मुखापर्यंत जा, त्सुनामी बेट बघा, डॉल्फिन बघा. सिंधुदुर्ग किल्ल्याला अर्धा दिवस द्या. दोन दिवस कमीच पडतील. रत्नागिरीत राहिलात तरी धड किनाऱ्यासाठी गणपतीपुळ्यालाच जावं लागतं.

मांडवीकर :
@दर्यावर्दी, भाट्ये काय आहे मग? गावातून खाडीवरचा पूल ओलांडला की सुरूचं बन आणि लांबच लांब किनारा. मांडवीला तर संध्याकाळी अख्खं गाव चालत येतं.
@निशिगंध, कुठून येणार, कधी येणार, गाडी आहे का, हे काहीच लिहिलेलं नाही तुम्ही. त्याशिवाय कोण काय सांगणार?

हर्णैचा_वारा :
दोन्ही सोडा आणि दापोलीला या. मुरुडला राहायचं, कर्दे जवळच. हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव एकदा तरी बघावाच, बैलगाडीतून टोपल्या किनाऱ्यावर येतात. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. मुंबई-पुण्याहून जवळही पडतं.

निशिगंध :
तिसरं नाव नको असं स्पष्ट लिहिलं आहे.
पनवेलहून निघणार, रेल्वेने. २१ ते २३ जुलै. या तारखा बदलता येणार नाहीत, यांच्या कंपनीत तेव्हाच सुट्टी असते.

करलीकाठचो :
जुलै? मग वरचं स्कूबाबिबा सगळं विसरा. मे अखेरीला बोटी वर ओढतात त्या सप्टेंबरपर्यंत पाण्यात जात नाहीत. किल्ल्याची होडी बंद, डॉल्फिन बंद, त्सुनामी बेट बंद. @दर्यावर्दी, माणूस कधी येणार ते विचारल्याशिवाय असं सांगत जाऊ नका, लोक लांबून येतात आणि जेटीवरून परत जातात.
पण म्हणून मालवण नको असं मी म्हणणार नाही. निवांतपणाच हवा असेल तर मालवणाक पावसातच येवा. मे महिन्यात आणि डिसेंबरात इथे गाडी लावायला जागा नसते. जुलैत तारकर्लीच्या वाळूत तुमच्याशिवाय कुणी दिसायचं नाही. पडवीला झापं बांधलेली असतात, आत बसून पागोळ्या बघत गरम घावणे आणि चहा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे ताजी सुरमई-पापलेट मागू नका, मिळालीच तर बर्फातली असेल. या दिवसांत खायच्या त्या कुर्ल्या. सुक्या बांगड्याची किसमूर, अळंबी मिळाली तर अळंबी. हे जेवण सीझनला येणाऱ्यांच्या वाट्याला येतच नाही.

दर्यावर्दी :
त्यांनी महिना लिहिलाच नव्हता. आणि खाडीतून फिरायला काय हरकत आहे? कर्ली तर समुद्र नाही.

करलीकाठचो :
जुलैतली कर्ली बघितली आहे का तुम्ही? डोंगरातलं लाल पाणी खाली येतं आणि मुखाशी समुद्र ते आत ढकलतो. देवबागचे आम्ही लोकही तेव्हा होडी घालत नाही. बाहेरच्या जोडप्याला तिथे पाठवू नका, कळकळीने सांगतोय.

गडवाटसरू :
सिंधुदुर्गाचा विषय निघाला म्हणून लिहितो. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर पायाभरणी केली. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी : दूधबाव, साखरबाव, दहीबाव. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर आत आहे, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसेही आहेत. महादरवाजा तर किनाऱ्यावरून ओळखूही येत नाही, अगदी जवळ गेल्यावरच वाट सापडते. मालवणला जाऊन किल्ला न बघता परत येणं मला तरी पटत नाही.

मांडवीकर :
@गडवाटसरू, होडीच बंद आहे म्हणताहेत ना ते.
@निशिगंध, तारीख आणि रेल्वे दोन्ही कळलं, आता सांगतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात आणि उशीरही होतो. पनवेल ते रत्नागिरी पाच-सहा तास धरा. मालवणला रेल्वे नाही. कुडाळला उतरायचं, म्हणजे गाडीत आणखी अडीच-तीन तास, आणि तिथून पुढे तीसेक किलोमीटर एसटी नाहीतर रिक्षा. दोन रात्रींतले जाता-येताचे दोन्ही दिवस प्रवासातच जातील. रत्नागिरी स्टेशन कुवारबावला, तिथून गावात यायला रिक्षाने पंधरा-वीस मिनिटं.

करलीकाठचो :
अंतराचं खरं आहे, ते नाकारत नाही. पण रत्नागिरी म्हणजे जिल्ह्याचं गाव, कोर्टकचेऱ्या, एसटी स्टँडवरची गर्दी. निवांत म्हणताहेत त्या.

मांडवीकर :
गर्दी स्टँडपाशी, भाट्याला नाही.

सुलूमावशी :
निशिगंध, आणखी एक विचारते. तुम्ही दोघं तरुण आहात की आमच्यासारखे? खातापिताना काही पथ्य? चढ-उतार जमतो का? मी यांच्याबरोबर पावसात रत्नागिरीला गेले होते तेव्हा रत्नदुर्गाच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं, भगवतीच्या देवळापर्यंत जाताना हात धरूनच चालावं लागलं. खोली वरच्या मजल्यावर घेऊ नका, न्हाणीघरात पाय घसरणार नाही ना ते बघा.

निशिगंध :
पन्नाशीच्या पुढचे आहोत. धाकटी मुलगी गेल्या महिन्यात हॉस्टेलला गेली. घरात दोघंच असं लग्नानंतर पहिल्यांदाच होतंय, आधी सासूबाई होत्या, मग मुलं. यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून गाडी चालवायची नाही आणि खड्ड्यांतून तर मुळीच जायचं नाही. पोहायचं नाहीच आहे. हे शाकाहारी, मी मासे खाते. मला समुद्र दिसायला हवा. यांना दिवसभर नुसतं बसून कंटाळा येतो, थोडं काही बघायला लागतं, पण चढ नको.
आता तरी सांगा.

घाटवाट :
कोल्हापूरमार्गे येणार असाल तर आंबा घाटाने उतरा, साखरपा, पाली करत थेट रत्नागिरी. जुलैत आंबा घाट बघण्यासारखा असतो. कराडहून पाटण आणि कुंभार्ली घाट हाही पर्याय आहे, पण तो चिपळूणला निघतो. पहाटे लवकर निघा, घाटात धुकं असतं.

सुलूमावशी :
त्या रेल्वेने येताहेत हो, पनवेलहून.
निशिगंध, मणका म्हणालात तर माझं मत रत्नागिरी. कुडाळनंतरचा तासभराचा रस्ता टाळा. गाडीत मात्र खालचा बर्थ घ्या, बसून जायचं झालं तर पाठीला उशी. आमच्या यांना फिजिओवाल्यांनी तासातासाने उठून चार पावलं टाकायला सांगितलं होतं, ते गाडीत सहज जमतं, रिक्षात नाही.

मांडवीकर :
बघायला काय ते असं. थिबा राजवाडा, १९१० च्या सुमाराचा. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं, १९१६ मध्ये तो इथेच गेला. राजवाड्यात संग्रहालय आहे, सोमवारी बंद, पण तुमचे दिवस मंगळवार ते गुरुवार असतील तर प्रश्न नाही. मागच्या बाजूने खाली भाट्याची खाडी आणि नारळीची बनं दिसतात, पावसात तो सगळा हिरवा पट्टा बघत यजमानांना बाकावर तासभर बसता येईल. मग पतितपावन मंदिर, १९३१ चं. सावरकरांच्या पुढाकाराने, भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं. झाडगावचं मत्स्यालय, तिथे देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. सगळं रिक्षाने, चढ नाही. आणि २३ जुलै म्हणजे लोकमान्यांची जयंती. टिळक आळीत त्यांचं जन्मस्थान आहे, कौलारू घर, त्या दिवशी तिथे गावातली माणसं आणि शाळेची पोरं येतात. निघायच्या आधी सकाळी जाऊन या.
शाकाहारी जेवणाची तर अडचणच नाही. साधं केळीच्या पानावरचं ताट, भारंगी किंवा फोडशीची भाजी, सोलकढी. आधी फोन करून सांगितलं तर घरगुती जेवण देणारे मोदकही करतात.

हर्णैचा_वारा :
शाकाहारीच हवं असेल तर मुरुडला आमच्याकडे घरोघरी उत्तम मिळतं.

गडवाटसरू :
पावस राहिलं की. स्वामी स्वरूपानंदांचा मठ, रत्नागिरीहून वीसेक किलोमीटर, दुपारी खिचडीचा प्रसाद. पुढे पूर्णगड, किल्ला अगदी छोटा, फारसा चढही नाही.

करलीकाठचो :
मणक्याचं आधी कळलं असतं तर मीही एवढं ताणलं नसतं. रत्नागिरीच करा. मालवणला नोव्हेंबरात या, तेव्हा होडीही असेल आणि समुद्रही शांत असेल. कुडाळला गाडी सांगून ठेवता येते.

निशिगंध :
रत्नागिरी ठरलं, हे तिकिटाच्या रांगेत उभे आहेत. आता राहायचं कुठे, गावात की गणपतीपुळ्याला? समुद्र दिसायला हवा हे मी वर लिहिलंच आहे. आरे-वारेच्या रस्त्याचं फार ऐकलंय.

दर्यावर्दी :
पुळ्याला राहा. खिडकीतून समुद्र, देऊळ चालत.

मांडवीकर :
नाही, भाट्याला किंवा मांडवीच्या बाजूला राहा. पुळे स्टेशनपासून लांब, आणि दोन रात्रींत दोनदा सामान हलवणं यांच्या पाठीला नको. आरे-वारेला एका दुपारी जाऊन या, पंचवीसेक किलोमीटरवर पुळे. वरच्या वळणावर गाडी थांबवली की दोन्ही किनारे एकदम खाली दिसतात, तेवढंच पुरे आहे. रिक्षापेक्षा चारचाकी घ्या आणि हळू चालवायला सांगा. पावसाचा जोर असेल तर तो रस्ता सोडा, दरडीची माती खाली येते, निवळीवरून लांबचा रस्ता घ्या, वाटेत धबधबाही आहे. पुळ्याच्या समुद्रात गुडघ्याएवढ्या पाण्यातही उतरू नका. तिथे खालची वाळू सरकते, दरवर्षी माणसं जातात.

सुलूमावशी :
खोली घेताना फोनवर विचारा : वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का, गादी कापसाची की स्पंजची, कमोड आहे का, आणि समुद्र खोलीतून दिसतो की गच्चीवरून. 'सी व्ह्यू' म्हणतात आणि गच्चीवर नेतात, पावसात गच्चीचा काय उपयोग?

निशिगंध :
भाट्याला एका घरी खोली मिळाली. तळमजला, इन्व्हर्टर आहे, कापसाची गादी देतो म्हणाल्या. व्हरांड्यातून समुद्र दिसतो. जाताना मांडवी एक्सप्रेस मिळाली, येतानाचं वेटिंग आहे, १४ आणि १५. जुलैत तेवढं सुटतं का?

मांडवीकर :
आठवड्याच्या मधल्या दिवशी बहुतेक सुटतं, पण पाठीचं दुखणं असताना भरवशावर राहू नका. त्याच दिवशीच्या दुसऱ्या गाडीला मिळतंय का बघा, नाहीतर आदल्या दिवशी तत्काळला बसा. एसी सकाळी १० ला उघडतं, स्लीपर ११ ला. तुमचं एसीचं आहे का?