सातवी-आठवीला ऊर्जास्रोत : पाणचक्कीवर दिवा लागत नाही, इतिहास नुसत्या सनावळ्या होतो

करवीर_विज्ञान
'पारंपरिक-अपारंपरिक' तक्ता मुलं घडाघडा म्हणतात, पण वीज कुठून येते विचारलं की उत्तर येतं, 'खांबावरून'. दोन गोष्टींत मदत हवी आहे. पाणचक्कीच्या मॉडेलला खेळण्यातली छोटी मोटर लावली आहे, चक्र झकास फिरतं, एलईडी मात्र लागत नाही. दुसरं म्हणजे लाकडापासून सौर पॅनेलपर्यंतचा प्रवास कसा घ्यावा? वर्गात 46 मुलं, तास 35 मिनिटांचा, खर्च पाचशेच्या आत बसवायचा आहे.

डायनॅमो
मॅडम, दोष चक्राचा नाही, मोटरचा आहे. ती मोटर 3 व्होल्टवर मिनिटाला हजारो फेरे घेते. जनित्र म्हणून वापरली तरी तेवढे व्होल्ट मिळायला तेवढाच वेग लागतो. तुमचं चक्र मिनिटाला दोन-तीनशे फेरे घेत असेल, म्हणजे हाती येतो व्होल्टचा लहानसा अंश. लाल एलईडीला साधारण 1.8 व्होल्ट लागतात, पांढऱ्याला 3 च्या आसपास. म्हणून लालच घ्या.

भंगारातल्या प्रिंटरची स्टेपर मोटर (टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर) आणा, ती कमी वेगातही चांगले व्होल्ट देते. चार वायरी असतील तर जोडी अशी ओळखा : कुठल्याही दोन वायरी एकमेकींना टेकवून दांडा बोटांनी फिरवा. दांडा एकदम जड झाला की त्या दोन्ही एकाच गुंडाळीच्या. त्या जोडीवर दोन लाल एलईडी एकमेकांना उलट जोडा, एकाचा लांब पाय दुसऱ्याच्या आखूड पायाला, आणि वाटेत 100 ओहमचा रोध घाला. स्टेपरमधून प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज (एसी) निघते, त्यामुळे एलईडी आळीपाळीने लागतात. चक्र हळू झालं की ते लुकलुकणं डोळ्यांना दिसतं. मुलांना 'एसी' समजवायला याहून सोपं काही नाही.

चक्रासाठी दोन जुन्या सीडी आणि आठ प्लॅस्टिकचे चमचे. चमच्याची खोलगट बाजू धारेकडे हवी. पालथे चिकटवले की निम्मा जोर वाया जातो. 15 लिटरची बादली दीड मीटर उंचीवर ठेवा आणि नळीच्या टोकाला 6 मिमी भोकाची तोटी बसवा. पाणी साधारण दोन मिनिटं पुरतं. तोटीविना अर्ध्या इंची नळी सोडली तर बादली अर्ध्या-पाऊण मिनिटात रिकामी होते आणि मागच्या बाकावरच्यांना काहीच दिसत नाही. स्टेपर सुरुवातीला अडखळते, पहिला धक्का बोटाने द्या. मोटरवर पाणी उडू नये म्हणून अर्धी कापलेली बाटली आडवी लावा.

मोजून_बघू
दिवा लागला की तिथेच थांबू नका, हिशोब करायला लावा. खरा धडा तिथे आहे.

15 लिटर, म्हणजे 15 किलो पाणी दीड मीटरवरून : वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची = 15 × 9.8 × 1.5, म्हणजे सुमारे 220 जूल. वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे 36 लाख जूल. मग दीड मीटरवरून एक युनिट काढायला, काहीही वाया जात नाही असं धरलं तरी, सुमारे 2 लाख 45 हजार लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचे साडेचोवीस टँकर! आणि त्या एका युनिटवर 10 वॅटचा बल्ब 100 तास चालतो.

आता कोयना जलविद्युत प्रकल्प. त्याच्या पहिल्या दोन टप्प्यांचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीच्या वीजघरात साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून पडतं. तोच हिशोब 450 मीटरने केला तर एका युनिटला आठशेच्या आसपास लिटर पुरतात. उंचीची किंमत मुलांना इथे कळते. मग राधानगरीचं वीजघर धरणाच्या पायथ्याशी का आणि कोयनेचं डोंगरापलीकडे का, हा प्रश्न मुलंच विचारतात. विचारला नाही तर नकाशा फळ्यावर लावा.

एक गोष्ट मात्र पहिल्याच तासाला स्पष्ट करा : वीज हा ऊर्जास्रोत नाही, ती ऊर्जा वाहून आणणारी आहे. 'खांबावरून' हे उत्तर या गोंधळातूनच येतं.

चुलवाण
इतिहासासाठी साडेतीन मीटर सुतळी घ्या. एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष, पहिली गाठ 1700 ची. कपड्यांच्या चिमट्यांनी चिठ्ठ्या लावा : 1712 न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन, 1769 वॉटचं सुधारित वाफेच्या इंजिनाचं पेटंट, 1831 फॅरेडेचा चुंबकापासून वीज मिळवण्याचा शोध, 1859 पेनसिल्व्हेनियातली तेलविहीर, 1882 न्यूयॉर्कमधलं एडिसनचं वीजकेंद्र, 1897 दार्जिलिंगजवळचं सिद्रापोंग जलविद्युत केंद्र, 1915 खोपोलीचं जलविद्युत केंद्र, 1954 सिलिकॉनचा सौरघट, 1969 तारापूरचं अणुवीज केंद्र.

चिठ्ठीवर सन लहान लिहा आणि 'अडचण काय होती' हे मोठ्या अक्षरात. न्यूकोमेनचं इंजिन खाणीत साचलेलं पाणी उपसायला होतं. पाणी उपसलं म्हणून आणखी खोलवरचा कोळसा हाती आला. ही साखळी कळली की सनावळी आपोआप लक्षात राहते.

मग प्रत्येक इंधनाचा वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा सुतळीबरोबर सोडा. कोळसा आला तिथे लाकडाचा धागा कापू नका, आजपर्यंत न्या. नवं आलं म्हणून जुनं गेलं नाही, हे पुस्तकातल्या तक्त्यात कधीच दिसत नाही. आपल्याकडे तर गुऱ्हाळात काहिलीखालच्या चुलवाणात (गुळाच्या कढईखालच्या मोठ्या चुलीत) चिपाडच, म्हणजे रस काढलेला ऊसच जळतो, आणि साखर कारखान्यात त्याच उसाच्या बगॅसवर, म्हणजे रस काढून उरलेल्या चोथ्यावर, वीज तयार होते. एक टन ऊस गाळला की 280 ते 300 किलो बगॅस निघतं.

हंगामात एक प्रयोग जरूर करा. ताजं चिपाड 50 ग्रॅम आणि चार दिवस कडक उन्हात वाळवलेलं 50 ग्रॅम. दोन वेगळ्या विटांच्या चुलींवर प्रत्येकी 200 मिली पाणी ठेवा आणि दर मिनिटाला तापमान लिहा. ओलं नुसतं धुमसतं, कारण त्याच्या वजनाचं जवळजवळ निम्मं पाणीच असतं आणि उष्णता आधी ते उडवण्यात जाते. मैदानात, वाळूची बादली जवळ ठेवून, आणि काडी शिक्षकांनीच लावायची.

करवीर_विज्ञान
फारच उपयोगी, सर्वांचे आभार. स्टेपर उद्याच शोधते. सौर पॅनेलचा प्रयोग जुलैत घेतला तर चालेल का?

मोजून_बघू
कोल्हापूरच्या जुलैत नको, जानेवारी-फेब्रुवारीत घ्या. पॅनेल 6 व्होल्ट, 1 वॅटचं पुरतं. तोंड दक्षिणेला, कल साधारण 17 अंश, कारण आपला अक्षांश तेवढा आहे. मल्टिमीटरवर नुसते व्होल्ट बघू नका. ढग आला तरी व्होल्ट फारसे उतरत नाहीत, प्रवाह मात्र धाडकन पडतो, आणि 'व्होल्ट आहेत मग पंखा का फिरत नाही' म्हणून सगळे बुचकळ्यात पडतात. प्रवाह मोजताना मीटरची लाल वायर अँपिअरच्या भोकात लावा, आणि मोजून झालं की लगेच परत जागेवर.