मदत हवी आहे: निवृत्त वडिलांसाठी आरोग्य विम्याचा टॉप-अप (मूळ विम्यावरचा जादा विमा) की सुपर टॉप-अप?

वडील ६७ वर्षांचे, मधुमेह आहे. जुन्या नोकरीतला गट विमा चालू आहे, पण मोठ्या ऑपरेशनला तो पुरणार नाही. मूळ पॉलिसी बदलायची नाही. या वयात प्रतीक्षा कालावधी (आधीपासूनच्या आजारांचा खर्च मिळत नाही तो सुरुवातीचा काळ) पुन्हा पहिल्यापासून नको.

टॉप-अपमध्ये डिडक्टिबल (आधी आपण किंवा मूळ विम्याने भरायची ठरलेली रक्कम) प्रत्येक क्लेमला वेगळं लागतं, सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराची बिलं एकत्र धरतात. वर्षातून दोनदा ॲडमिट व्हावं लागलं तर सुपर टॉप-अपच बरा, म्हणून माझा कल तिकडे. मधुमेह फॉर्ममध्ये लिहिणारच आहोत.

दोन एजंटांची उत्तरं मात्र परस्परविरोधी आहेत. दोन्ही विमे वेगळ्या कंपन्यांचे असतील, तर मूळ विम्याने नामंजूर केलेली रक्कम (ग्लोव्हज, सिरिंज वगैरे) डिडक्टिबलमध्ये मोजतात का? प्रत्यक्ष क्लेम केलेल्या कुणाचा काय अनुभव?