डुक्कर मारता ते पिकासाठी की हौसेसाठी? खरं काय ते बोला

कातळसडा (धागाकर्ता)

भात दुधावर आलं की आमच्या राजापूर तालुक्यात दरवर्षी तेच सुरू होतं. डुकरांनी खाचर लोळवलं, बंदुकीला परवानगी द्या. मागणी रास्तच आहे. कळप रात्रीचा शिरला की खातो थोडं आणि तुडवतो फार. सकाळी बांधावर जाऊन बघा, उभं भात चटई अंथरल्यासारखं आडवं झालेलं असतं.

पण मला विचारायचंय ते वेगळं. आमच्या वाडीतले म्हातारे पारधीच्या गोष्टी रंगवून सांगतात, त्यात भात कधीच येत नाही. हाका कुठल्या बाजूने घातला, कुत्रा कोणाचा होता, वाटेवर कोण बसला होता, बार कोणाचा लागला, हे सगळं येतं. माझे आजोबा 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या आधीचे शिकारी. ठासणीची बंदूक. नळीत दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, परत बोळा, गजाने ठासायचं आणि केप चढवायची. एवढ्या उठाठेवीनंतर बार एकच. तो फुकट गेला तर दुसरा भरायला सवड नाही, आणि जखमी डुक्कर सरळ अंगावर येतं. हे सांगताना आजोबा खाटेवर उठून बसायचे. आणि हाच माणूस डुक्कर पडलं की मांसाला सुरी लावायच्या आधी त्याला हात जोडायचा. मादी पडली तर त्या दिवशी घरी गप्प असायचा, जेवायचा मात्र.

माझं म्हणणं असं, की माणूस शिकार करतो कारण त्याला शिकार आवडते. पीक, मांस, रीत ही कारणं खोटी नाहीत, पण ती मागून येतात. आणि मारल्यावर जीव हळहळतो म्हणून आवड कमी होते असंही नाही. आपण मात्र आवडीबद्दल चकार शब्द न काढता शेतकऱ्याच्या आडून भांडतो.

---

शाकंभरी

हात जोडले, गप्प बसले, आणि जेवले. छान. डुकराला यातलं नेमकं काय मिळालं?

मारणाऱ्याच्या हळहळीचं एवढं कौतुक मला कळत नाही. रामायणात दशरथ आवाजावर बाण सोडतो, पाणी पिणारं जनावर समजून. निघतो श्रावण. त्याला पश्चात्ताप झाला नाही असं कोण म्हणेल? श्रावणाचे आईबाप त्याने वाचले का? आजही पालघर, कोकणातून बातम्या येतातच, अंधारात डुक्कर समजून सोबत्यालाच गोळी लागली म्हणून. त्या रात्री जो झुडपात हालचाल बघून चाप ओढतो, तो शेत वाचवत नसतो. त्याला तो क्षण हवा असतो. इथवर धागाकर्त्याशी सहमत. फरक एवढाच, की त्यांना ते प्रांजळ वाटतं आणि मला भयंकर.

---

धानपट्टा

तुमच्या कोकणात हौस असेल, आमच्या चंद्रपूर-भंडाऱ्याकडे निव्वळ वैताग आहे. हाका नाही, कुत्रे नाहीत, गोष्टी तर नाहीतच. माणूस संध्याकाळी बांधाभोवती तार ओढतो, वरच्या लाइनीवर आकडा टाकतो आणि घरी जाऊन झोपतो. जनावर रात्री मरतं, मारणारा तिथे नसतोच. यात थरार कुठे आहे सांगा.

आणि तारेला डुक्कर कोण, वाघ कोण ते समजत नाही. उमरेडच्या जय वाघाचा बछडा श्रीनिवास 2017 मध्ये असाच शेताच्या तारेला लागून गेला. गळ्यात कॉलर होता म्हणून शोध तरी लागला. शेतकरी घाबरून पुरून टाकतो, कारण डुकरासाठी लावलेल्या तारेत वाघ सापडला म्हणजे आयुष्यभराची कोर्टकचेरी. त्याला मारायची आवड नाही हो. त्याला रात्रीची झोप पाहिजे.

---

नेमबाज_१२

परवाना द्या, आठवड्यात प्रश्न मिटवतो. फुकट.

---

शाकंभरी

@नेमबाज_१२, हेच ते. "फुकट" म्हणजे काय, तर मोबदला मजेत मिळणार. 2016 मध्ये बिहारने मोकाम्याला नीलगायी मारायला बाहेरून नेमबाज बोलावले. दोनशेच्या वर मारल्या. केंद्रातल्याच मंत्री मनेका गांधींनी त्यावर आपल्याच सरकारच्या पर्यावरण खात्याला जाहीरपणे धारेवर धरलं होतं. मारायची वासना, असा शब्द वापरला होता त्यांनी.

---

कातळसडा

@धानपट्टा, तुमचा मुद्दा मान्य, तारेत हौस नाही. पण मग माझा एक साधा प्रश्न. महाराष्ट्रात 2015 पासून रोही म्हणजे नीलगाय आणि रानडुक्कर पिकात शिरत असतील तर वनखात्याकडे अर्ज करून मारायची परवानगी घेता येते. परवानगीने मारलेलं जनावर मात्र सरकारजमा होतं, कायद्याचं कलम 39 तसंच आहे. मांसाला हात लावायचा नाही.

आता आपापल्या गावात बघा, असे अर्ज किती होतात आणि फासक्या, म्हणजे तारेचे फास, किती लागतात. पीक हेच एकमेव कारण असतं तर मांस मिळो न मिळो, अर्जांचा ढीग लागला असता.

---

बांधावरची

शहरात बसून हिशेब बरा मांडता, भाऊ. अर्ज करायचा, वनपाल येणार, पंचनामा होणार, परवानगी येणार, तोवर डुकरं भात खाऊन पलीकडच्या वाडीत सुरणाला लागलेली असतात. परवानगी आली तरी मारणार कोण? शेती संरक्षणाची बंदूक पंचक्रोशीत एखाद्याकडे, तोही सत्तरीचा, नजर गेलेली. म्हणून अर्ज होत नाहीत.

आणि मांसाचं म्हणाल तर त्यात लाज कसली वाटून घ्यायची? वर्षभर माझी नाचणी, माझी केळी, माझे करांदे खाऊन ते वाढलं. आमच्याकडे पारधीचे वाटे पडायचे ते बघण्यासारखे असत. केळीची पानं ओळीने मांडायची. हाकेकऱ्याला जेवढं, तेवढंच बंदूकवाल्याला, वर त्याला मुंडी. कुत्र्याच्या मालकाला कुत्र्याचा वेगळा वाटा. जी बाई विधवा, जिच्या घरून कोणी गेलं नाही, तिच्याही दारात पान यायचं. ते पान मी खाल्लंय. त्याला तुम्ही हौस म्हणा, मी म्हणणार नाही.

फासकी मात्र मलाही पटत नाही. गाडीच्या क्लचची वायर. जनावर तासन् तास ओढत राहतं आणि कमरेत कापत जाते. दर वर्षी एखादा बिबट्या त्यात अडकतोच. बंदुकीने मारणारा निदान समोर तरी असतो.

---

इसार_काठ

म्युनिकजवळ राहतो, सासरे शिकारी आहेत. इथली पद्धत सांगतो, भांडणाला कामी येईल.

शिकारीचा परवाना म्हणजे मोठी परीक्षा. जनावरांचे रोग, झाडं, कायदा, नेमबाजी, सगळं. लोक गमतीने तिला "हिरवी बारावी" म्हणतात. डुक्कर मारलं की मांस खाण्याआधी कृमींची तपासणी सक्तीची. बव्हेरियाच्या काही भागांत किरणोत्सारही मोजतात, चेर्नोबिलचं सीझियम अजून रानातल्या कवकात आहे आणि डुकरं ते उकरून खातात.

सासऱ्यांबरोबर एकदा गेलो होतो. डुक्कर पडल्यावर त्यांनी स्प्रूसची एक फांदी मोडली आणि त्याच्या तोंडात ठेवली. शेवटचा घास म्हणतात त्याला. टोपी काढून जरा वेळ उभे राहिले, मग बाही वर करून पोट फाडायला बसले. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, आनंदही नव्हता. काम चोख झाल्याचं समाधान होतं, आणि थंडीने लाल झालेलं नाक. मला मळमळलं ते वेगळं.

पण मला सगळ्यात पटलेली गोष्ट दुसरीच आहे. ज्याने त्या भागातल्या शिकारीचा हक्क भाड्याने घेतलाय, पिकाची नुकसानभरपाईही सहसा त्यालाच भरावी लागते. डुकरांनी मका उकरला की शेतकरी सरकारकडे जात नाही, शिकाऱ्याकडे बिल पाठवतो. हौस आहे ना? मग तिचे पैसे मोजा.

---

शाकंभरी

भरपाईचं आवडलं. फांदीचं नाही. मेलेल्याच्या तोंडात घास हा जिवंताच्या मनासाठी असतो. वाईट वाटतं ना, मग थांबा. वाईट वाटूनही जो थांबत नाही त्याने निदान स्वतःला हळवा म्हणवून घेऊ नये.

---

राधानगरीकर

थोडा इतिहास. दाजीपूरचं जंगल आज उभं आहे ते कोल्हापूर संस्थानने शिकारीसाठी राखलं म्हणून. 1958 मध्ये तिथे गव्यांचं अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. शिकाऱ्यांनी राखलं नसतं तर राखायला काही उरलंच नसतं. सलीम अलींचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. पोरवयात एअरगनने पिवळ्या गळ्याची चिमणी मारली, ती कुठली म्हणून विचारायला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि देशाला पक्षीशास्त्रज्ञ मिळाला. जनावराच्या मागावर तास न् तास बसणाऱ्याला रान जेवढं कळतं तेवढं जीपमधून फोटो काढणाऱ्याला कळत नाही.

---

शाकंभरी

संस्थानिकांनी राखलं? आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी 1947 मध्ये देशातले शेवटचे तीन चित्ते मारले, त्यांचंही राखीव रानच होतं. तुमच्याच कोल्हापुरात काळविटांवर सोडायला चित्ते आफ्रिकेतून आणावे लागत होते, कारण इथले संपत आले होते.

---

पालावरचा

सगळं वाचलं. राजाची हौस, जर्मनाची परीक्षा, ठासणीची बंदूक. ज्यांच्या जातीच्या नावातच पारध आहे त्यांचं कोणी काढलं नाही.

माझा आजा फासेपारधी. लाव्या-तितरांना फास लावायचा. तुम्ही विचारताय मारताना काय वाटतं. त्याला हात दुखतोय, पाऊस येईल, बाजार चुकेल, असलं वाटायचं. अंड्यावरची तितरी फासात आली तर सोडून द्यायची, तिला मारलं तर पुढच्या साली खायचं काय? यात पुण्य नाही, उद्याचा विचार आहे. साहेब लोकांना वाघ दाखवायला आमचीच माणसं पुढे असायची. साहेबाचा फोटो निघाला, आमच्या नावावर 1871 च्या कायद्याने गुन्हेगार असा शिक्का बसला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पोलिसांपुढची सक्तीची हजेरी बंद केली, नोकऱ्या दिल्या, ते विसरणार नाही. बाकी ठिकाणी 1952 ला शिक्का कागदावरून पुसला. मग वीस वर्षांत वन्यजीव कायदा आला आणि पोटाचा धंदा पुन्हा गुन्हा झाला. बदल्यात जमीन? कुठे मिळाली, बहुतेकांना नाही.

आज मला तितर मारायचं नाही. मी नोकरी करतो, पोरीला पक्ष्यांची पुस्तकं आणून देतो. पण तुमचा वाद हौस की पीक एवढाच चाललाय. तिसरं पोट होतं, आणि पहिला गुन्हा त्याच्यावर नोंदला गेला.

---

कातळसडा

@पालावरचा, तुमच्यापुढे माझं "आवड पहिली, बाकी मागून" हे विधान सगळ्यांना लागू पडत नाही. ज्याच्यापुढे दुसरी वाट होती आणि तरी जो गेला, त्याच्यापुरतंच मी ते ठेवतो. माझे आजोबा त्यात येतात. घरचं भात होतं, आंब्याची कलमं होती. न जाऊन चाललं असतं.

@शाकंभरी, वाईट वाटूनही न थांबणारा हळवा नसतो, कबूल. पण ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्या हातात बंदूक द्याल का? तारेवर आकडा टाकून झोपायला जाणारा आणि वाटेवर बसून मादी आहे का बघून बार राखून ठेवणारा, यात डुकरासाठी फरक पडतो. दुसऱ्याच्या समोरून मादी जिवंत जाते.

---

शाकंभरी

एवढंच सांगा. उद्या रीतसर परवानगी मिळाली, तर तुम्ही स्वतः बसाल का?

---

कातळसडा

हो. मांस सरकारने नेलं तरी बसेन. डुकरं आलीच नाहीत तर सकाळी चुकल्यासारखं वाटेल, हेही माहीत आहे. मुंबईत बावीस मजल्यांच्या इमारतीत राहतो, पीक माझं नाही, भूकही माझी नाही. म्हणून तर धागा काढला.

---

शाकंभरी

मग परवानगी तुम्हाला सोडून बाकी सगळ्यांना द्यावी.

---

बांधावरची

भांडू नका. भाऊ, बसायचंच असेल तर भात कापेपर्यंत आमच्याकडे या. माळा बांधलेला आहे, घोंगडी देते, चहा रात्री दोनदा मिळेल. बंदूक निवडणुकीसाठी ठाण्यात जमा आहे, तेव्हा पत्र्याचा डबा बडवायचा. शाकंभरीताई, तुम्हीही या. डबे दोन आहेत.