गिऱ्हाइकांचे फोटो डेटाबेसमध्ये की फोल्डरमध्ये?

रंकाळा_कोड: कोल्हापुरी चपलांची साइट, पीएचपी आणि मायएसक्यूएल डेटाबेस. गिऱ्हाईक कागदावर पाय आखून त्याचा फोटो चढवतात, २-३ एमबीचा एकेक. ब्लॉबमध्ये (टेबलातच फाइल साठवायचा रकाना) ठेवू का?

गुजरी_बायनरी: फोल्डरमध्येच ठेव भावा. साधा ब्लॉब ६५,५३५ बाइटला संपतो. स्ट्रिक्ट मोड (न मावणारा डेटा नाकारायची सेटिंग) बंद असेल तर फोटो गुपचूप कापला जातो: वर टाच, खाली राखाडी पट्टा. मीडियमब्लॉब १६ एमबीपर्यंत घेतो, पण बॅकअप फुगतो. टेबलात फक्त पाथ (फाइल कुठं आहे तो पत्ता), मूळ नाव, आकार, युजर आयडी.

पंचगंगा७: मूळ नावानं सेव्ह करू नका. 'आयएमजी_०००१' दहाजणांकडं असतं, एकावर दुसरं बसतं. रँडम नाव द्या, पहिल्या दोन अक्षरांचा सबफोल्डर करा. त्या फोल्डरात पीएचपी चालणं बंद ठेवा, नाहीतर फोटो म्हणून कुणी स्क्रिप्ट चढवली की कल्याण!

रंकाळा_कोड: ऑर्डर रद्द झाली तर?

गुजरी_बायनरी: आधी टेबलातली नोंद काढ, कमिट (बदल पक्का) झाल्यावर फाइल. उलटं केलंस आणि रोलबॅक झालं (टेबलातला बदल मागं फिरला) तर नोंद उरते, फोटो गायब. टेबलात नोंद नसलेल्या बेवारस फाइली रात्री क्रॉननं (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) झाड, पण २४ तासांच्या आतल्या सोड; एखाद्याची ऑर्डर अजून अर्धवट असते. बॅकअप घेताना आधी डेटाबेस, मग फोल्डर.