हायस्कूलच्या खेळाडू पोरांसाठी माजी विद्यार्थ्यांनी पैसा नेमका कुठं घालावा? सल्ला द्या (खानापूर-बेळगाव)

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलची आमची १९९८ची एसएसएलसी (दहावीची) बॅच. मे महिन्यात गेट-टुगेदर झालं, त्यात शाळेच्या खेळाडूंसाठी काहीतरी करायचं ठरलं आणि ग्रुपवर पैसे पण जमायला लागले, कोण पुण्यात, कोण गोव्यात, कोण दुबईत, सगळे हौसेनं देताहेत. खरं आता प्रश्न आलाय की द्यायचं काय. निम्मे म्हणतात ग्राउंडच्या तोंडाला बॅचच्या नावाची कमान बांधू, काहीजण म्हणतात सगळ्या पोरांना ट्रॅकसूट देऊ, एकजण म्हणतो जो मेडल आणेल त्याला पाच हजार रोख.

शाळेत पीटीचे सर रिटायर झालेत, जागा भरलेली नाही, गणिताचे सर शिट्टी घेऊन उभे राहतात आणि मनापासून करतात. पोरींची खोखोची टीम गेल्या वर्षी जिल्ह्यापर्यंत गेली. दोन पोरं चांगली पळतात, एक पोरगी गोळाफेकीत तयार होण्यासारखी आहे. बहुतेक पोरं आसपासच्या वाड्यांतनं चालत नाहीतर बसनं येतात, आईबाप शेतात नाहीतर गवंडीकामाला. मला वाटतं पैसा पोरांच्या अंगी लागावा, भिंतीला नको. कुणी असं काही चालवलं असेल तर सविस्तर सांगा.

लालमाती
कमान नको. ते आधी डोक्यातनं काढा.

दुसरं म्हणजे वेळ बघा. शाळेच्या स्पर्धा जुलै-ऑगस्टात क्लस्टरपासून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटापासून सुरू होतात, मग तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि शेवटी नॅशनल. आणि आपल्याकडं जुलै-ऑगस्ट म्हणजे धो धो पाऊस, त्यात खानापूरचा पाऊस म्हणजे विचारायलाच नको, ग्राउंडवर पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. लोक काय करतात, १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की स्टेजवर बोलवून कपडे वाटतात, फोटो काढतात, आणि तोवर तालुक्याच्या बऱ्याच मॅची होऊन गेलेल्या असतात आणि पोरं जुन्याच फाटक्या बुटावर खेळून आलेली असतात. त्यामुळं यंदाच्या हंगामाला बूट, खाणं आणि जायचं-यायचं भाडं एवढंच धरा, आणि खरं काम पाऊस उघडल्यावर नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत करा. पोरगं तयार होतं ते त्या सहा महिन्यांत.

निपाणीकर
मला रोख बक्षिसाची कल्पना चांगली वाटली ओ. आमच्याकडं कुस्तीच्या मैदानात इनाम लागतो म्हणून तर पोरं ईर्ष्येनं लढतात. मेडलला पैसे ठेवले तर बिघडलं कुठं?

नंदगडची_ताई
निपाणीकर दादा, कुस्तीचं वेगळं आणि पंधरा वर्षांच्या शाळकरी पोरांचं वेगळं. मी स्वतः शाळेतनं खोखो खेळले, आता माझी पुतणी खेळते, म्हणून सांगते. गुडघा सुजलेला पोरगा पाच हजार जाणार म्हणून दुखणं लपवतो आणि तसाच पळतो. खोखोत मैदानात नऊजणी, बाहेर बसलेल्या पोरी पण वर्षभर तेवढ्याच घाम गाळतात, त्यांना काय सांगणार? आणि एकदा पैसे आले की घरातले मोठे हिशेब धरायला लागतात. द्यायचंच असेल तर पोरगं शाळेत टिकलं, सराव चुकवला नाही, तर पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) फीला मदत असं ठेवा, मेडल येवो न येवो.

पोरींचं थोडं जास्त लिहिते कारण या गोष्टी कमिटीत बसलेल्या पुरुष मंडळींना कुणी सांगत नाही. शक्ती योजनेमुळं २०२३च्या जूनपासून कर्नाटकच्या साध्या सरकारी बसला पोरींना तिकीट नाही, आधार कार्ड बरोबर असलं की झालं. म्हणजे पोरींच्या प्रवासाचा खर्च वाचतो असं दिसतं, खरं वाडीवर जाणारी शेवटची बस सराव संपायच्या आधीच निघून जाते. मग पोरगी सराव सोडते नाहीतर घरचे खेळ सोडायला लावतात. तुमच्या पैशातनं संध्याकाळी एक वडाप (खाजगी जीप) महिन्याच्या ठरलेल्या भाड्यानं लावलं ना, तर टीम टिकेल. शाळेत कपडे बदलायला दार लागणारी एक खोली, पाणी असलेलं संडास, कपाटात पॅड. आणि स्पोर्ट्स ब्रा. लाजायचं काय त्यात, कुठल्याही बाईंच्या हाती पैसे द्या, त्या मापानं आणतील. पोरी पळताना एका हातानं ओढणी धरून पळतात हे मी अजून बघते आणि जीव तुटतो.

तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं २०१८ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये कुराशमध्ये (कुस्तीसारखा खेळ) ब्राँझ आणलं. तुरमुरी काय लांब आहे का आपल्याला? आणि २०२५च्या जानेवारीत दिल्लीला खोखोचा पहिला वर्ल्डकप झाला, पोरांचा आणि पोरींचा दोन्ही आपण जिंकले. आमच्या पोरींनी ती फायनल मोबाईलवर घोळक्यानं बघितली. त्यांच्यात हौस आहे ओ, सोय नाही.

निपाणीकर
ताई, पटलं. दुखणं लपवायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

पीटीचे_सर_रिटायर्ड
मलप्रभाकाठ, तुम्ही सगळ्यात आधी मुख्याध्यापकांना घेऊन शाळेचं खेळाचं कपाट उघडा. काही विकत घ्यायच्या आधी. त्यात बहुतेक एक गंजलेला गोळा असेल, आणि तो उचलून बघा, सात किलो २६० ग्रॅमचा असायची शक्यता जास्त, म्हणजे मोठ्या पुरुषांचा. सतरा वर्षांखालच्या पोरींचा गोळा ३ किलोचा आणि पोरांचा ५ किलोचा असतो. तुमची ती पोरगी जड गोळ्यावर सराव करत असेल तर काय होतं सांगतो, गोळा मानेशी धरून ढकलायचा असतो, तो तिला पेलत नाही, मग कोपर खाली पडतं आणि ती चेंडूसारखा फेकायला लागते. खांदा दुखतो तो दुखतोच, वर लागलेली सवय मोडायला वर्ष जातं. तीन किलोचा गोळा काही फार महाग नाही. कमानीच्या सिमेंटच्या पोत्यांत अख्खं कपाट भरेल.

खोखोचे खांब बघा. जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर उंच, गुळगुळीत, वर कसलीच धार नको. पुष्कळ शाळांत लोखंडी पाइप नाहीतर तुळईचं उरलेलं लाकूड रोवलेलं असतं. पोरगी पळत येऊन खांबाला हात घालून वळते तेव्हा तळहाताची साल निघते, मग ती खांबाजवळ जायलाच भिते, आणि खांबावर गडी मारल्याशिवाय खोखो जिंकता येत नाही. मैदान २७ बाय १६ मीटर नीट आखायला टेप आणि चुना, दोन स्टॉपवॉच, कोन. कबड्डीची टीम असेल तर अजून एक. वरच्या पातळीवर मॅटवर खेळवतात आणि आपली पोरं तांबड्या मातीवर तयार झालेली, मातीत पाय घसरून वळायची सवय आणि मॅटवर तोच पाय धरून राहतो, घोटे आणि गुडघे तिथं जातात. मॅट घ्यायला मोठा पैसा लागतो आणि ठेवायला कोरडी खोली लागते, नाहीतर एका पावसाळ्यात वाट. त्यापेक्षा तालुक्यातल्या तीन-चार शाळांच्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून एक घ्या, नाहीतर स्पर्धेच्या आधी जिथं मॅट आहे तिथं पोरांना दहा-बारा दिवस सरावाला न्या.

आणि सगळ्यात मोठा खर्च माणसावर करा. गावातच एखादा जुना खेळाडू, बीपीएड झालेला पोरगा नाहीतर पोरगी, रिकामी बसलेली सापडेल. तिला महिन्याला मानधन, वर्षातले दहा महिने, न चुकता. हे शाळेच्या पत्रानं करा, ठराव घ्या, ओळखीचा माणूस असला तरी पोलिस व्हेरिफिकेशन करा आणि पोरींच्या सरावाला एक बाई हजर पाहिजेच. गणिताच्या सरांना पण विश्वासात घ्या, त्यांनी इतके दिवस ओढलंय.

एक विनंती आहे. पैसे दिले म्हणून टीममध्ये कोण खेळणार हे माजी विद्यार्थ्यांनी सांगायचं नाही. एका ठिकाणी तेच झालं आणि चांगली चाललेली टीम मोडली.

काकतीकर
+१ सर. मानधनाचं सगळ्यात वर ठेवा.

आणखी एक, ज्याला पैसा लागत नाही. सर्क्युलर सगळी कन्नडमध्ये येतात. क्रीडा खात्याच्या स्पोर्ट्स हॉस्टेलची निवड असते, खेलो इंडियाचं असतं, मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये बॉईज स्पोर्ट्स कंपनी (लष्करानं खेळाडू पोरांना तयार करायची) आहे तिची भरती असते, खरं आपल्या वाडीवरच्या आईबापांना ते कळेपर्यंत तारीख गेलेली असते. खेलो इंडियात निवड झाली तर पोराला नुसत्या हातखर्चाला महिन्याला १०,००० मिळतात, ट्रेनिंग वेगळं. तुमच्या बॅचमध्ये कन्नड चांगलं वाचणारा कोण असेल तर त्यानं तेवढंच काम घ्यावं, सर्क्युलर आलं की मराठीत चार ओळी लिहून पालकांच्या ग्रुपवर टाकायच्या.

आणि कागद. पोराचं नाव आधारवर एक, शाळेच्या रजिस्टरला दुसरं, जन्मदाखल्यावर कन्नडमधनं इंग्लिश झालेलं तिसरंच. कुठं आडनाव आधी, कुठं नुसता इनिशियल. जिल्ह्याच्या स्पर्धेला कागद तपासतात आणि पोरगं बूट घालून उभं असताना बाद होतं. ही दुरुस्ती आठवी-नववीतच करून घ्या.

हिशेबनीस_टिळकवाडी
पैशाचं लिहितो, इथंच मैत्री तुटतात.

कुणा एकाच्या स्वतःच्या खात्यात जमा करू नका, कितीही विश्वासू असला तरी. शाळा चालवणाऱ्या संस्थेला ८०जी (देणाऱ्याला इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते ती मान्यता) असेल तर सगळ्यात सोपं, देणगी संस्थेला द्या आणि पत्रात स्पष्ट लिहा की फक्त खेळासाठी, हिशेब वर्षातनं दोनदा दाखवायचा. स्वतःची संघटना काढायची असेल तर कर्नाटकच्या १९६०च्या सोसायटी कायद्याखाली सातजण लागतात, मग पॅन, खातं, दोन सह्या. पुढं १२ए (संस्थेला स्वतःला टॅक्समाफीची नोंदणी) आणि ८०जी. देणाऱ्यांना आधीच सांगा की २,००० रुपयांवर रोख दिलं तर सूट नाही आणि नव्या टॅक्स पद्धतीत असाल तर ८०जीची सूट मुळात नाहीच, नाहीतर मार्चला सगळे तुम्हाला फोन करतील.

दुबईवाल्यांचं नीट बघा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेतनं दिले तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण ज्यानं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड असलं तरी, त्याचे पैसे एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी नसताना घेऊ नका. एकाच्या प्रेमापोटी संस्था अडचणीत यायला नको.

सिस्टर_हुक्केरी
सकाळी सहाला सराव आणि पोटात काय तर चहा आणि बटर (तो कडक टोस्टासारखा पाव). सरकारी आणि अनुदानित शाळांत दुपारच्या जेवणाला अंडं नाहीतर केळं मिळतं, ते चांगलंच आहे, पण सराव संपल्यावर लगेच पोटात काही गेलं पाहिजे. उकडलेलं अंडं, अंडं न खाणाऱ्यांना शेंगदाणे-गूळ नाहीतर केळं. नाचणीची आंबील गावातल्याच बचत गटाच्या बायका करून देतील, त्यांनाही चार पैसे मिळतील.

पोरींचं हिमोग्लोबिन तपासा, हात जोडून सांगते. आरोग्य केंद्राला पत्र दिलं तर तिथले लोक शाळेत येऊन करतात. पळताना दम लागतो, डोळ्यापुढं अंधारी येते, आणि लोक म्हणतात पोरगी आळशी झाली. शाळेत आठवड्याची लोहाची गोळी मिळते ती पोरी गुपचूप टाकून देतात कारण पोटात मळमळतं. जेवल्यावर घ्यायची आणि वर चहा प्यायचा नाही, एवढं जरी कुणी समजावलं तरी फरक पडतो.

आणि विमा. बँकेचा २० रुपयांचा सुरक्षा विमा १८ वर्षांपुढच्यांना आहे, शाळकरी पोरांना चालत नाही. कुठल्याही सरकारी विमा कंपनीत शाळेच्या नावानं अपघाताची ग्रुप पॉलिसी विचारा, आणि खेळताना झालेली इजा त्यात धरतात का ते लेखी घ्या. बीपीएल घरांचं आयुष्मान कार्ड काढलेलं आहे का ते पण बघा, नसेल तर शाळेतच एक दिवस ठेवून काढून घ्या.

मलप्रभाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं बॅचच्या ग्रुपवर टाकलं, कमानवाले पण तयार झालेत. आता असं ठरतंय: यंदा पावसाळ्यात अंडी-शेंगदाणे-गूळ, संध्याकाळचं वडाप आणि पोरींचं सामान, ते आमच्या बॅचमधल्या तिघी बघणार आहेत. हिमोग्लोबिनचं पत्र मुख्याध्यापक याच आठवड्यात देतील. नोव्हेंबरपासून मानधनावर एक पोरगी ठेवायची, तालुक्यातलीच आहे, युनिव्हर्सिटीपर्यंत खोखो खेळलेली. पैसे संस्थेच्या खात्यात, हिशेब ग्रुपवर. सर्क्युलरचं काम कन्नड मीडियमला शिकवणाऱ्या आमच्या एका मित्रानं घेतलं. पाच वर्षं तरी बंद पाडायचं नाही असं सगळ्यांनी कबूल केलंय.

पीटीचे सर, कपाट उघडलं. गोळा तुम्ही म्हणालात तोच निघाला. ३ किलोचा मागवलाय. खांबांचं मात्र कळेना, तयार घ्यावेत का गावात करून घ्यावेत?

पीटीचे_सर_रिटायर्ड
गावातच करा. चांगला सुतार बघा, भरीव जुनं लाकूड घ्या, जाडी साधारण ९ ते १० सेंटिमीटर आणि वरपासनं खालपर्यंत सारखी. जमिनीत गाडायला हातभर लाकूड जास्तीचं धरा आणि तेवढ्या भागाला डांबर लावा म्हणजे वाळवी लागणार नाही. वरची कड गोल करून घ्या, पॉलिश पेपर मारून तळहात फिरवून बघा, कुठं कूस लागता कामा नये. रंग लावू नका, घामानं हात घसरतो. पाऊस पूर्ण उघडल्यावरच गाडा, आत्ता गाडलेत तर माती बसल्यावर कलतील. गाडायच्या दिवशी फोन करा, मी येतो आखणीला.